रिक्त संदर्भ, संगणक-आज्ञावलीतील

आज्ञावलीतील एखादे चल स्वतः माहिती न बाळगता संगणकाच्या स्मृतीतील दुसऱ्या एखाद्या वस्तूकडे निर्देश करते, तेव्हा त्या निर्देशास संदर्भ म्हणतात. निर्देश करण्याजोगी वस्तूच नसल्यास त्या चलात जे विशेष मूल्य ठेवले जाते, तो रिक्त संदर्भ होय. व्यवहारात त्यास ‘नल’ हेच नाव रूढ आहे. रिक्त संदर्भास खरी वस्तू समजून आज्ञावली त्याच्याकडे काही मागू लागली, की तिचे काम जागीच अडते. जाव्हा भाषेत या अपवादास ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ असे नाव आहे. जाव्हामध्ये पॉइंटर नाहीत, असे तिचा पुरस्कार करताना आरंभी सांगितले जाई. तिच्यातील सर्वांत परिचित दोषाच्या नावात मात्र तोच शब्द राहून गेला, हे काहीसे विनोदी आहे. प्रस्तुत नोंदीत या मूल्याचा उगम, त्यापासून संरक्षण मिळविण्याचे प्रयत्न आणि मोठ्या जाव्हा फ्रेमवर्कांच्या बांधणीशी व देखभालीशी जडलेला त्याचा संबंध यांचा विचार केला आहे.

रिक्त म्हणजे शून्य नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर गावच्या खातेदारांची यादी संगणकावर करावयाची आहे, असे समजू. एखाद्या खातेदारापुढे विहिरींची संख्या ० लिहिली असेल, तर चौकशी झाली व विहीर नाही असे कळले, असा त्याचा अर्थ होतो. रकाना कोरा असेल, तर मात्र चौकशीच झाली नाही, चौकशी झाली पण उत्तर मिळाले नाही किंवा तो प्रश्न त्या खातेदारास लागूच नाही, यांपैकी कोणताही अर्थ संभवतो. एकाच कोऱ्या जागेला असे अनेक अर्थ चिकटतात, हे या प्रश्नाचे मूळ आहे.

कोरी जागा टाळण्यासाठी काहीतरी लिहून मोकळे होणे हा उपाय त्याहून वाईट ठरतो. ग्रामीण महाराष्ट्रात मुलाचे नाव शाळेत घालताना पालकांना जन्मतारीख सांगता आली नाही, तर गुरुजी पुष्कळदा १ जून ही तारीख लिहीत. त्यामुळे काही पिढ्यांतील असंख्य लोकांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो. रकाना भरला गेला, पण तारीख माहीत नव्हती ही खरी माहिती कायमची पुसली गेली. पुढे निवृत्तीचे वय त्याच तारखेवरून ठरले. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या आधार योजनेस आरंभ झाला, तिच्या नोंदींत जन्मतारखेबरोबरच ती पडताळलेली, केवळ सांगितलेली की अंदाजाची आहे, हेही नोंदविण्याची सोय ठेवण्यात आली. माहितीचा अभाव ही स्वतंत्रपणे नोंदवावयाची बाब आहे, हे तत्त्व त्यात मान्य झालेले दिसते. रिक्त संदर्भाविषयीची पुढील सारी खटपट याच तत्त्वाभोवती फिरते.

भारतीय गणितात अशा अडचणीच्या राशीला वेगळे नाव देऊन तिचे नियम सांगण्याची परंपरा जुनी आहे. दुसरे भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी शून्याने भागलेल्या राशीस ‘खहर’ म्हटले व तीत काही मिळविले वा तीतून काही वजा केले तरी ती बदलत नाही, असे प्रतिपादिले. (त्यांचे विज्जलविड हे गाव कोणते याबद्दल मतभेद आहेत, काहींनी ते बीड मानले आहे.) जाव्हामध्ये अपूर्णांकी संख्येला शून्याने भागले असता अनंत हे मूल्य मिळते आणि त्यात कोणतीही सांत संख्या मिळविली तरी ते तसेच राहते, पूर्णांकाला शून्याने भागल्यास मात्र आज्ञावली अडते. रिक्त संदर्भास खहरासारखे स्वतःचे अंकगणित कोणी दिले नाही. तो केवळ अडतो.

उगम : जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून विकसित केलेल्या लिस्प भाषेत ‘निल’ हे रिक्त यादी दर्शविणारे मूल्य होते, तथापि ते स्वतः एक वैध मूल्य असल्याने त्यावर क्रिया करता येत. आजच्या अर्थाचा रिक्त संदर्भ ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर (जन्म कोलंबो, १९३४) यांनी १९६५ मध्ये योजिला. निकलाउस व्हिर्ट यांच्यासह ते अल्गॉल भाषेच्या सुधारणेचे काम करीत होते; त्यातून पुढे अल्गॉल डब्ल्यू ही भाषा निघाली. संदर्भाचा प्रत्येक वापर निर्धोक आहे याची हमी संकलकानेच द्यावी, असा होर यांचा मूळ हेतू होता. रिक्त मूल्य अंमलात आणणे अतिशय सोपे असल्याने त्याचा मोह आवरला नाही, असे त्यांनी २००९ मध्ये लंडन येथील एका परिषदेत सांगितले व त्यास आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. हा आकडा हिशेबाने काढलेला नाही. नुकसानीची कल्पना यावी म्हणून तो योजिला होता. सगळा दोष एकट्या होर यांच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. एडिंबरो येथे १९७० नंतरच्या दशकात रॉबिन मिल्नर व त्यांचे सहकारी यांनी घडविलेल्या एमएल भाषेच्या परंपरेत, मूल्य ‘असेल’ व ‘नसेल’ या दोन्ही शक्यता प्रकारातच नोंदविण्याची रीत पडली होती. ती माहीत होण्याजोगी असताही नंतरच्या भाषाकर्त्यांनी सोपी वाट धरली.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली व मे १९९५ मध्ये जाहीर झालेली जाव्हा ही त्यांपैकी एक होय. सी भाषेत रिक्त संदर्भाचा वापर झाल्यास काय घडेल ते भाषा ठरवून देत नाही. जाव्हाने निदान निश्चित अपवाद उठविण्याची व्यवस्था केली, त्यामुळे स्मृतीतील भलत्याच माहितीची नासधूस टळली. परंतु चल रिक्त असू शकते की नाही हे लिहून ठेवण्याची सोय त्या भाषेत नव्हती. प्रत्येक संदर्भ रिक्त असू शकतो, असेच तीत गृहीत होते. आज्ञावली लिहिणारा मात्र बहुधा उलटे गृहीत धरून चालतो.

पवई येथील संशोधन : रिक्त मूल्य नेहमी शत्रूच असते असे नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याचा मोठ्या खुबीने उपयोग केला आहे. जाव्हामध्ये निरुपयोगी वस्तूंनी व्यापलेली स्मृती आपोआप मोकळी केली जाते. पण ज्या वस्तूपर्यंत कोणत्यातरी संदर्भाने पोहोचता येते ती वस्तू उपयोगाची आहे, अशी ढोबळ समजूत त्यामागे असते. पुढे कधीही न लागणाऱ्या वस्तू त्यामुळे जागा अडवून राहतात. आज्ञावलीचा मजकूर ती न चालविताच तपासून कोणत्या संदर्भाचा शेवटचा उपयोग कोठे होतो ते शोधावे आणि त्यापुढे तो संदर्भ रिक्त करणारी आज्ञा घालावी, म्हणजे वस्तू सुटी होते, अशी ही पद्धत आहे. यात एक पेच होता. एखाद्या वस्तूच्या आतील संदर्भ रिक्त करावयाचा तर आधी त्या वस्तूपर्यंत जावे लागते आणि तीच नसेल तर मूळ आज्ञावलीत नसलेला अपवाद नव्या आज्ञेमुळे उद्भवेल. म्हणून ज्या वाटेने जावयाचे ती मूळ आज्ञावलीने अगोदर वापरली आहे किंवा पुढे निश्चितपणे वापरणारच आहे, हे सिद्ध झाल्याखेरीज अशी आज्ञा घालावयाची नाही, असा निर्बंध त्यांनी पाळला. वाटांची संख्या अमर्याद असल्याने त्यांचे मर्यादित आकाराच्या आलेखांत रूपांतर करणे हा या कामाचा गणिती गाभा होय. खेडकर, सन्याल व बागेश्री करकरे यांचा माहिती-प्रवाह विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

खुणांची पद्धती : अमेरिकेतील मेरिलंड विद्यापीठात बिल प्यू व डेव्हिड होव्हमायर यांनी तयार केलेल्या फाइंडबग्ज या साधनाने तयार आज्ञावलीतील दोष हुडकण्यास आरंभ केला. अशा साधनांना मार्गदर्शन व्हावे म्हणून ‘रिक्त असू शकते’ व ‘रिक्त नसते’ अशा खुणा आज्ञावलीत लिहिण्याची कल्पना पुढे आली. २००४ च्या जाव्हा ५ मध्ये खुणा लिहिण्याची सोय झालेलीच होती. त्या प्रमाणित करण्यासाठी २००६ मध्ये जेएसआर-३०५ हा प्रस्ताव मांडला गेला. तो पूर्णत्वास न जाता निद्रिस्त ठरविला गेला. पण त्याच्या कच्च्या खुणा तोवर असंख्य आज्ञावलींत शिरल्या होत्या. मार्च २०१४ च्या जाव्हा ८ मध्ये ‘ऑप्शनल’ हा मूल्य असेल-नसेल असे दर्शविणारा प्रकार आला. त्या प्रकारचे चलच रिक्त असू शकते, ही त्यातील उणीव कोणाच्याही सहज लक्षात येईल. २०१६ च्या कॉटलिन भाषेने हा भेद प्रकारातच बसविला व ती जाव्हाच्या यंत्रणेवरच चालत असल्याने जाव्हाच्या संग्रहांवरील दडपण वाढले.

बांधणी : शेकडो घटकांच्या मजकुरापासून चालण्याजोगी आज्ञावली तयार करण्याच्या क्रियेस बांधणी म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये त्यासाठी ‘मेक’ हे साधन केले. त्यात आज्ञेच्या ओळीपूर्वी टॅब हे अदृश्य चिन्ह असलेच पाहिजे, असा त्रासदायक नियम होता. त्याची गैरसोय लवकरच कळली, पण तोवर डझनभर मित्र ते साधन वापरू लागले होते व त्यांना त्रास नको म्हणून नियम तसाच राहिला. पुढे तो लाखो लोकांनी सोसला. नलची कथाही याच जातीची आहे. जाव्हासाठी अँट (२०००), मेव्हन (२००४) व ग्रेडल ही साधने क्रमाने आली.

रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकातून उगम पावलेल्या व मार्च २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या स्प्रिंग या फ्रेमवर्कच्या इतिहासात हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. फ्रेमवर्क म्हणजे इतरांनी आपल्या आज्ञावली जिच्यात बसवावयाच्या अशी तयार चौकट. तिच्या एका क्रियेने रिक्त मूल्य परत केले, तर त्याचा फटका चौकट लिहिणाऱ्यास न बसता ती वापरणाऱ्या बँकेस वा कार्यालयास बसतो. स्प्रिंग ५ मध्ये (सप्टेंबर २०१७) रिक्ततेच्या खुणा सर्वत्र लावण्यात आल्या व जे लिहिले नाही ते रिक्त नसते, असा उलटा संकेत स्वीकारण्यात आला. तथापि या खुणा जेएसआर-३०५ च्या आधारावर होत्या आणि त्याच महिन्यात आलेल्या जाव्हा ९ ने एकाच नावाचा पुडका दोन विभागांत असण्यास बंदी केली होती. निद्रिस्त प्रस्तावाच्या खुणा ज्या नावाखाली होत्या तेच नाव जाव्हाच्या एका अधिकृत विभागाचेही होते. दोष टाळण्यासाठी घेतलेली खूणच बांधणी अडवू लागली. शिवाय यादीतील घटक रिक्त असू शकतात पण यादी नाही, यांसारखे भेद त्या खुणांनी सांगता येत नसत.

गूगल, जेटब्रेन्स, उबर इ. संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या जेस्पेसिफाय या खुणासंचाची पहिली आवृत्ती जुलै २०२४ मध्ये निघाली व ही कोंडी फुटली. खुणा लिहिल्या तरी त्या खऱ्या आहेत याची खात्री कोण देणार, हा प्रश्न उरतोच. उबरने २०१७ मध्ये खुले केलेले नलअवे हे साधन ही तपासणी बांधणीच्या वेळीच करते. तपासणीस वेळ लागला तर काम करणारे ती बंद करून टाकतात, म्हणून त्याच्या कर्त्यांनी वेगास प्राधान्य दिले; बांधणीचा काळ १.१५ पट होतो व तुलनीय साधनांनी तो २.८ ते ५.१ पट होतो, असे त्यांनी २०१९ च्या निबंधात नोंदविले. या वेगासाठी काही दोष निसटू देण्याची तडजोड त्यांनी उघडपणे पत्करली आहे आणि ती व्यवहाराच्या दृष्टीने समर्थनीय वाटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या स्प्रिंग ७ मध्ये जुन्या खुणा टाकाऊ ठरवून जेस्पेसिफायचा अवलंब करण्यात आला. खुणेशी विसंगत ओळ आढळल्यास फ्रेमवर्कची बांधणीच आता पुरी होत नाही.

हा सारा खटाटोप अभ्यासकांपुरता नाही. १२ जून २०२५ रोजी गूगलच्या मेघ-सेवा जगभर काही तास विस्कळीत झाल्या. धोरणविषयक एका नोंदीत अनवधानाने कोरे रकाने राहिले होते. ती नोंद काही सेकंदांत सर्व विभागांत पोहोचली व नव्याने घातलेल्या आज्ञांत कोऱ्या रकान्याचा विचार केलेला नसल्याने रिक्त संदर्भामुळे सेवा पुनःपुन्हा कोसळत राहिली. त्या आज्ञा काही दिवस आधीच घातलेल्या होत्या. तशी नोंद येईपर्यंत त्यांतील उणीव कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

जाव्हा भाषेतच रिक्ततेचा भेद आणण्याचे प्रस्ताव व्हॅलहाला प्रकल्पाच्या अनुषंगाने मांडले गेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाव्हा २५ मध्ये त्यांचा समावेश नव्हता. मार्च २०२० च्या जाव्हा १४ पासून एवढे झाले आहे, की अपवाद उठल्यावर नेमके कोणते चल रिक्त होते ते संदेशात सांगितले जाते. त्यापूर्वी केवळ ओळीचा क्रमांक मिळे व त्या ओळीत चार संदर्भ असल्यास चारही तपासून पाहावे लागत.