नांत शहर आणि ‘सर्वांचें’ वाहन

फ्रान्सचा इतिहास म्हणजे पॅरिसचा इतिहास, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांतही रूढ आहे. परंतु ‘बस’ हा जो शब्द आज आपल्या मुलांच्याही तोंडीं आहे, त्याचें मूळ शोधूं लागल्यास आपणांस ल्वार नदीच्या कांठीं, नांत या प्रांतिक शहरीं जावें लागतें.

अठराव्या शतकांत नांत हें फ्रान्समधील गुलामांच्या व्यापाराचें सर्वांत मोठें बंदर होतें. चार लाखांहून अधिक आफ्रिकी माणसें येथील जहाजांनीं अमेरिकेकडे नेलीं. त्यांच्या मोबदल्यांत दिल्या जाणाऱ्या मालांत भारतीय सुती कापडही असे. नदीकांठचे देखणे वाडे याच पैशावर उभे राहिले.

पुढें 1826 सालीं स्तानिस्लास बोद्री या गृहस्थानें शहराबाहेर उष्णोदकाचीं स्नानगृहें काढलीं व गिऱ्हाइकांसाठीं घोडागाडी ठेविली. लोक वाटेंतच उतरूं लागले, तेव्हां स्नानापेक्षां गाडीचीच गरज मोठी आहे, हें त्यानें ताडलें. या गाडीस ‘ओम्निबुस’, म्हणजे ‘सर्वांसाठीं’, हें लॅटिन नांव एका टोपीवाल्याच्या पाटीवरून मिळालें, असें सांगतात. बोद्रीनें 1828 मध्यें हा धंदा पॅरिसांत नेला. पण 1830 सालीं आर्थिक विवंचनेंत त्यानें आत्मघात केला. नांव मात्र जगभर गेलें.

1851 सालीं आगगाडी आली. 1879 त मेकार्स्कीच्या युक्तीनें दाबलेल्या हवेवर चालणारी ट्राम धांवूं लागली. 1926 पासून नदीचे फांटे बुजविण्यांत आले आणि त्यांवर रस्ते झाले. मोटारीच्या या युगांत 1958 सालीं ट्रामही बंद पडली. पण रस्ते तुंबले, तेव्हां नगराध्यक्ष शेनार यांनीं ती पुन्हां आणण्याचें ठरविलें. 1983 ची निवडणूक ते हरले. तथापि काम इतकें पुढें गेलें होतें कीं विरोधकांस तें थांबवितां आलें नाहीं. 1985 सालीं सुरू झालेल्या या ट्रामचा कित्ता ग्रनोब्ल, स्त्रासबुर इत्यादि शहरांनीं गिरविला.

आम्हांस विचार करावासा वाटतो तो ‘सर्वांसाठीं’ या शब्दाचा. तो गाडीवर चढला, त्या काळींही कायद्यानें निषिद्ध झालेला गुलामांचा व्यापार नांतची जहाजें चोरून करीतच होतीं. त्या माणसांचें स्मारक नदीच्या धक्क्यावर 2012 सालीं झालें. रूळ उखडले तरी पुन्हां घालतां येतात; परंतु ‘सर्व’ या शब्दांत कोण येतात, हें समजण्यास शहराला फार काळ लागतो.