आधी उतरायला शिका

मागच्या भागात आपण तोफखान्याविषयी बोललो, आज सायकलविषयी बोलू. निवृत्त फौजी बायकांच्या सायकलीवर काय बोलणार, असं काही जण म्हणतील. पण माझी एक चूक मला कबूल करायची आहे, आणि इतिहास वाचला तेव्हाच ती माझ्या ध्यानात आली.

आम्ही जयपूरला झालानाच्या बाजूला राहतो. एकेकाळी जयपूरच्या राजघराण्याचं हे शिकारीचं रान होतं. आता ते बिबट्यांसाठी राखलेलं आहे, त्यामुळे आम्ही आत जात नाही. पण बाहेरच्या अंगाला खडीचे, मुरमाचे कच्चे रस्ते आहेत, मधेच वाळूचा पट्टा लागतो. आमच्या सौभाग्यवतींनी अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथे सायकल शिकायचं ठरवलं. मी मागून ओरडत होतो, "सरळ बघ! ब्रेक! पाय!" चौथ्या दिवशी त्या खडीवर घसरल्या, कोपर सोललं. म्हणाल्या, "अहो, मी तुमच्या कंपनीतली रिक्रूट नाही." त्यानंतर तीन आठवडे सायकल जिन्याखाली उभी होती.

त्याच दिवसांत मी फ्रान्सेस विलार्ड या अमेरिकन बाईंबद्दल वाचलं. दारूबंदी आणि स्त्रियांचा मताधिकार यांसाठी झटणाऱ्या या बाई वयाच्या 53व्या वर्षी सायकल शिकल्या आणि 1895 साली त्यांनी त्यावर छोटं पुस्तक लिहिलं. सायकलीचं नाव ठेवलं होतं ग्लॅडिस! रोज सरासरी पंधरा मिनिटं, असे सुमारे तीन महिने त्यांनी सराव केला. त्यांचा क्रम पाहा : आधी पेडल मारणं, मग वळणं, मग उतरणं आणि सर्वांत शेवटी चढणं. उतरणं चढण्याच्या आधी! ज्याला थांबता येतं त्याची निम्मी भीती तिथेच जाते. मी मात्र पहिल्या दिवसापासून वेग मागत होतो.

खडीवर सायकल चालवणं हा आता वेगळा खेळ झाला आहे. 2022 साली इटलीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पण शंभर वर्षांपूर्वी बहुतेक सगळ्याच शर्यती कच्च्या रस्त्यांवर होत. 1924च्या 'जिरो द इतालिया'त अल्फोन्सिना स्त्रादा नावाची शेतकरी घरातली बाई उतरली. पैशांच्या वादामुळे नावाजलेले स्वार आले नव्हते, म्हणून जागा मिळाली. नावातलं शेवटचं अक्षर गाळल्यामुळे यादीत ती पुरुषच वाटत होती. 3,613 किलोमीटरची शर्यत. पेरुजियाच्या टप्प्यात हॅंडल मोडलं, तर तिने झाडूचा दांडा बांधून काम भागवलं. वेळेची मर्यादा हुकली आणि गुणतक्त्यातून नाव गेलं, तरी ती मिलानपर्यंत गेलीच. 90 जण निघाले होते, त्यांतले 30 पोचले.

आपल्याकडचं उदाहरण याहून मोठं वाटतं मला. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेला सायकल जोडली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, लाखाच्या घरात शिकल्या. लेडीज सायकली संपल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स घेतल्या. पुढच्या दांड्यावर पोर बसवता येतं, म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. एकमेकींना शिकवायला त्याच होत्या, मागून ओरडणारा कर्नल तिथे नव्हता.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत सुमारे 29,000 किलोमीटर पृथ्वीप्रदक्षिणा करून डिसेंबर 2018मध्ये कोलकात्याला पोचली, हे तुम्हाला माहीत असेलच.

तर मी घरी जाऊन माफी मागितली. टायरमधली हवा थोडी कमी केली. त्याने खडीवर पकड येते, हादरे कमी बसतात. आठवडाभर फक्त थांबणं आणि उतरणं. पुढचा ब्रेक हळू, नजर दगडावर न ठेवता मोकळ्या वाटेवर, कारण जिकडे डोळे तिकडे चाक. वाळूत हॅंडल आवळायचं नाही, पेडल चालू ठेवायचं. मी दूर दगडावर बसून राहिलो, आणि तोंड बंद ठेवणं मला तिच्या सायकलीपेक्षा जड गेलं.

गेल्या रविवारी वाळूच्या पट्ट्यात माझं चाक रुतलं. ती पुढे निघून गेली, वळणावर थांबली, शांतपणे उतरली आणि म्हणाली, "अहो, पाय!"