लाटणं, रेशनकार्ड आणि शंकरपाळ्या

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शनिवारची सकाळ, हातात चहाचा कप, शुक्रवारचं रिलीज सुखरूप पार पडलेलं. थोडक्यात, जगात सगळं आलबेल होतं. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून जाहीर केलं, "या वर्षी मी घरी फराळ करणार नाहीये. पलीकडच्या सोसायटीतल्या त्या काकूंकडे ऑर्डर देऊन टाक."

मी उडालोच. आमच्या बोरिवलीच्या घरात विकतच्या करंज्या? "अगं पण आई, आपली परंपरा आहे ती! आजीच्या वेळेपासूनची."

"हो का? मागच्या दिवाळीत तू किती शंकरपाळ्या लाटल्यास?"

आता याचं उत्तर शून्य होतं हे तुम्ही ओळखलंच असेल. मागच्या दिवाळीत मी कॉलवर होतो. त्याच्या मागच्या दिवाळीतही.

आई पुढे काही बोलली नाही. कपाटातून आजीची वही काढून आणली आणि माझ्यापुढे टाकली. "परंपरा परंपरा करतोस ना? वाच."

कापडी पाठीची, पिवळी पडलेली लांबडी वही. पुढून उघडली की पाककृती, मागून उघडली की हिशोब. पाककृती म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर भयंकर डॉक्युमेंटेशन. 'मोहन बेताचे', 'पीठ घट्टसर', 'आच पाहून'. किती, कसं, कधी, काही पत्ता नाही. हिशोब मात्र काटेकोर! 'दिवाळी १९७३' असं लिहून खाली यादी होती. साखर: रेशनची एवढी, शेजारून उसनी एवढी. डालडा: अर्धाच मिळाला. रॉकेल: दोन खेपा. आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित करून: 'अनारसे रद्द. करंज्या निम्म्या.'

ते 'रद्द' वाचून मी जरा थबकलो. माझ्या डोक्यातली आजीची दिवाळी म्हणजे तुपाचा वास आणि डबे भरभरून लाडू. इथे तर प्रोजेक्टचा स्कोप कापावा तसे अनारसे कापले होते. बाबांना विचारलं. १९७३ साली ते पंधरा वर्षांचे होते आणि घरातली सगळ्यात महत्त्वाची जबाबदारी त्यांच्याकडे होती: रांगेत उभं राहणं. आजी-आजोबा तेव्हा गोरेगावला दोन खोल्यांत राहायचे. मग शनिवार-रविवार मी याच विषयाच्या मागे लागलो. जे सापडलं ते सांगतो.

आधी रेशनकार्डाचं. हे दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं. युद्ध संपलं, स्वातंत्र्य मिळालं, कार्ड मात्र राहिलं. साखर, तांदूळ, गहू, रॉकेल या सगळ्याशी उपनगरातल्या मध्यमवर्गीय घराचं नातं त्या कार्डातून जायचं. आज आपण रेशनकार्ड पत्त्याचा पुरावा म्हणून काढतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवून देतो. आजी ते देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवायची म्हणे.

आता साखर. महाराष्ट्रात साखर कमी पडावी हे ऐकायलाच विचित्र वाटतं ना? विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांच्या साथीने, प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला आणि १९५० पासून तिथे गाळप सुरू झालं. मग नगर, सांगली, कोल्हापूरकडे कारखान्यांची रांगच लागली. तरीही गोरेगावात माझे बाबा पहाटे पिशवी घेऊन रांगेत! कारण १९६७ पासून साखरेला दोन भाव होते. कारखान्याने आपल्या साखरेचा ठरावीक हिस्सा सरकारला ठरलेल्या स्वस्त भावात द्यायचा, ती 'लेव्ही'ची साखर रेशनवर यायची. उरलेली साखर कारखान्याने खुल्या बाजारात विकायची. म्हणजे एकच साखर, एकाच पोत्यासारखं पोतं, पण एका दुकानात ती परवडायची आणि संपलेली असायची, शेजारच्या दुकानात ढिगाने असायची पण भाव विचारायची सोय नव्हती. कारखान्यांवरची ही लेव्ही थेट २०१३ साली उठली.

त्यात १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात बाहत्तर म्हटलं की जुनी माणसं एक क्षण गप्प होतात. गावाकडे लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले. तिथे त्यांना 'सुकडी' मिळायची, पीठ-गूळ-तेलाचं पौष्टिक गोड मिश्रण. शहरात रेशनवर आली ती 'मिलो', अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. बाबा अजूनही मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. मला मात्र सुकडी डोक्यातून जाईना. एकीकडे उपनगरातल्या बायका शंकरपाळ्यांसाठी किलोभर साखर शोधताहेत आणि त्याच राज्यात दुसरीकडे पीठ-गुळाचा गोड घास म्हणजे दिवसभराचा आधार. गोडाची केवढी वेगळी किंमत!

त्यानंतर ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं, जगभर तेलाचे भाव भडकले. नेमकी दिवाळीच्या तोंडावर. आजीकडे गॅस नव्हता. मुंबईत बर्मा-शेलने १९५५ साली घरगुती गॅस आणला होता खरा, पण सिलिंडर मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्यामुळे पंपाचा स्टोव्ह. आणि तळण म्हणजे रॉकेलचा नुसता धूर! शंकरपाळी मंद आचेवरच तळावी लागते. आच मोठी केली की बाहेरून लाल आणि आतून कच्ची. म्हणजे एका घाण्याला वेळ जास्त, रॉकेल जास्त. वहीतल्या 'दोन खेपा' म्हणजे काय ते आता कळलं.

डालड्याची कथा निराळीच. १९३७ साली हा ब्रँड आला आणि तो बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आपल्या शिवडीतच होता. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांना तुपासारखं दिसणारं काहीतरी मिळालं. शिवाय तो गार झाल्यावर थिजतो, त्यामुळे त्यात तळलेली शंकरपाळी हाताला तेलकट लागत नाही आणि डब्यात टिकते. त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला वाईट, हे आपल्याला फार उशिरा कळलं. भारतात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. पण १९७३ साली प्रश्न डालडा वाईट की चांगला हा नव्हताच. प्रश्न होता, मिळेल का?

आणि इथे गोष्टीत मृणाल गोरे येतात. आपल्या पिढीला गोरेगावचा उड्डाणपूल माहीत, तो ज्यांच्या नावाचा त्या बाई माहीत नाहीत. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या, गोरेगावात राहून काम केलं, १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. उपनगरांच्या नळाला पाणी यावं म्हणून इतक्या भांडल्या की नावच पडलं 'पाणीवाली बाई'. १९७२ साली त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी त्यांनी आणि कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकरांनी इतर पक्षांच्या बायकांना बरोबर घेऊन महागाईविरोधात महिलांची संयुक्त समिती उभी केली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष साखर, तेल आणि रॉकेलसाठी एकत्र आले.

आणि त्यांचं हत्यार? लाटणं! लाटणं मोर्चा हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. ज्यांनी कधी नवऱ्याशिवाय लोकल पकडली नव्हती अशा बायका मंत्र्यांना घेराव घालायला लागल्या. १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका पाव महाग झाला म्हणून थेट व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, हे आपण शाळेत शिकलो. चर्चगेटला उतरलेल्या उपनगरातल्या बायकांबद्दल मात्र आपल्या पुस्तकात एक ओळ आठवत नाही मला.

"आजी गेली होती मोर्चाला?" मी बाबांना विचारलं.

"एकदा गेली होती. संध्याकाळी आली, हातपाय धुतले आणि त्याच लाटण्याने पोळ्या लाटायला बसली. अण्णा काही बोलले नाहीत. आम्हीपण नाही."

त्या समितीने सगळी महागाई हटवली असा दावा कुणीच करणार नाही. पण स्वयंपाकघरातली टंचाई ही बाईच्या काटकसरीची परीक्षा नसून सरकारने उत्तर द्यायची गोष्ट आहे, हे त्यांनी भर रस्त्यात सांगितलं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' म्हणून १०० रुपयांत काय दिलं आठवतंय? एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ, एक लिटर पामतेल. सरकारी पिशवीत चक्क फराळाचं सामान! मला ती यादी वाचताना आजीची वही आठवत होती.

वहीत अजून एक नोंद होती: 'नानकटाई, भट्टी.' आजीकडे ओव्हन नव्हता. त्या चाळीत कुणाकडेच नव्हता. मग घरी तूप-साखर फेसून, मैदा घालून पीठ मळायचं, डबा घेऊन जवळच्या बेकरीत जायचं. बेकरीवाला काळे पत्रे द्यायचा, त्यावर गोळे मांडायचे, नावाची चिठ्ठी लावायची. पाव भाजून झाले की ओसरत्या आचेवर नानकटाई आत. नाव फारसी, 'नान' म्हणजे रोटी, आणि 'खताई' म्हणजे चीनकडची असा एक अर्थ लावतात. शंकरपाळीसुद्धा मूळची फारसी 'शकरपारा', तिच्यात आपण शंकर आणून बसवला. म्हणजे ज्याला मी 'आपली परंपरा' म्हणत होतो तिचं नाव इराणातून आलेलं, तूप शिवडीच्या कारखान्यातलं, साखर सरकारी आणि भट्टी बेकरीवाल्याची. त्या लाकडी भट्ट्याही आता चालल्या. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते बरोबरच आहे. बाबांना मात्र जरा वाईट वाटलं.

मग त्या सगळ्यात 'घरचं' नेमकं काय होतं? हे मी आईला विचारलं, जरा शहाणपणा दाखवतच. ती म्हणाली, "हात."

आई १९८० साली लग्न होऊन त्या दोन खोल्यांत आली. नोकरी फोर्टात, जाऊन-येऊन अडीच तास. आजीच्या 'बेताचे मोहन'ने तिचा पहिल्या वर्षी घाम काढला. तिला वाचवलं ते कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने. १९७० साली आलेल्या त्या पुस्तकात सगळी मापं वाटी-चमच्याची. शेर-पायली जाऊन किलो-ग्रॅम नुकतेच आलेले, घरात काटा नाही, पण वाटी प्रत्येकीकडे. आमच्याकडे याला स्टँडर्डायझेशन म्हणतात आणि त्यासाठी कमिट्या बसतात. पण मापं मिळाली तरी हात तेवढेच होते. चाळीत निदान पाचसहाजणी मिळून एकेका घरचं तळण काढायच्या, आज तुमचं, उद्या आमचं. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये आल्यावर गॅस आला, ओव्हन आला, साखर हवी तेवढी आली, आणि आई एकटी पडली. "ऑफिसमधून सातला यायचं आणि अकरापर्यंत तळत बसायचं. तुम्ही टीव्ही बघायचात. पस्तीस वर्षं. आता गुडघे नाही म्हणतात."

यावर मी काय बोलणार? टंचाई आजीच्या वहीत लिहिलेली तरी होती. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

असो. ऑर्डर दिली. चकल्या, लाडू, करंज्या सगळं त्या काकूंकडून आलं आणि खरं सांगायचं तर झकास होतं. त्या काकूंच्या घरीही आता चारजणी हाताखाली आहेत, आणि त्यांना कामाचे पैसे मिळतात. शंकरपाळ्या मात्र मी केल्या. आई खुर्चीत बसून सूचना देत होती, बायको कातणीने कापत होती, बाबा डबे पुसत होते. तीन तास लागले. तीन तास! कंबर धरली. पहिला घाणा मी आच मोठी ठेवल्यामुळे जळला.

रात्री आजीची वही काढली. मागच्या बाजूला एक कोरं पान होतं. त्यावर लिहिलं: 'दिवाळी २०२५. शंकरपाळ्या, एक किलो मैदा. मोहन: पाऊण वाटी तूप, कडकडीत. आच: मंद. एक घाणा फुकट गेला. तळणारा: मी.' आईने चष्मा लावून वाचलं आणि 'मंद'च्या खाली पेनने एक रेघ ओढली.