कान वाजतो तेव्हा तेल का घालतात?

मराठवाड्यात उमरग्याकडच्या घरांत कुणी म्हातारं माणूस “कान वाजतोय” म्हणालं की पळी बाहेर निघते. पळीत थोडं करडईचं तेल आणि ठेचलेली लसणाची पाकळी. पाकळी तांबूस झाली की तेल बोटाला सोसेल इतकं निवू द्यायचं, दोन थेंब कानात सोडायचे आणि वर कापसाचा बोळा बसवायचा.

या दोन थेंबांची वंशावळ फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत. बिघडलेला वात शब्द वाहून नेणाऱ्या नाड्यांत शिरला की माणसाला नाना आवाज ऐकू येतात, असं तिथलं निदान. श्रम आणि झीज यांनाही तिथे कारणांत जागा आहे. ठणका, नाद, बहिरेपण आणि क्ष्वेड (कानातली शीळ) या चारही तक्रारींवर एकच सामान्य उपचार सांगितला आहे. त्यात तूप-तेल पोटात घेणं आलं, तसंच कोमट स्नेहाने कान भरणंही आलं. पुढे माधवनिदान या ग्रंथाने आवाजांची नावंही दिली: भेरी, मृदंग, शंख.

हठप्रदीपिका या योगग्रंथात साधकाला आत ऐकू येणाऱ्या नादांची जी यादी आहे, तिच्यातही भेरी, शंख आणि बासरी आहेत. म्हणून कुणी कानातल्या शिट्टीला साधनेची खूण मानत असेल, तर मला ते धोक्याचं वाटतं. साधकाने तो नाद स्वतः शोधलेला असतो. आजाऱ्याला तो नको असताना मध्यरात्री जागं ठेवतो.

उमरग्यात तेल दुसऱ्या वाटेनेही आलं. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि युनानी वैद्यकाला तिथे राजाश्रय होता. हकीम कान वाजण्याला ‘तनीन’ म्हणतात, आणि कानाच्या दुखण्यांवर त्यांच्याकडे कडू बदामाचं तेल. वैद्य आणि हकीम या बाबतीत एकाच बाटलीपाशी आले.

तेलाने काही जणांचा कान खरोखर शांत होतो. मळाचा खडा पडद्याला टेकला असेल तर तो मऊ होऊन सुटतो आणि आवाज थांबतो. हा उपाय इतकी शतकं टिकला, त्यामागे हे एक कारण नक्कीच असावं. मात्र पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल, तर तेच तेल नुकसान करतं.

बहुतेकांचा आवाज मुळात तेल पोचेल तिथला नसतोच. आतल्या कानात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. वयाने, गोंगाटाने किंवा औषधांनी त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश तुटतो आणि मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवून ती रिकामी जागा भरू पाहतो. अलीकडचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण हेच आहे. मलेरियावरचं क्विनाइन, जास्त मात्रेतलं अॅस्पिरिन, क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन ही कान वाजवू शकणारी औषधं. म्हणून औषध चालू असताना कान वाजू लागला तर डॉक्टरांना लगेच सांगावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आवाजावर दुसऱ्या आवाजाचा उतारा 1821 साली पॅरिसच्या इटार या डॉक्टरने लिहून ठेवला. कानात घरघर असेल तर धगधगत्या शेकोटीजवळ बसा, सूंसूं असेल तर ओली लाकडं जाळा, असा त्याचा सल्ला. पुढे 1953 मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांपैकी 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. मला हा प्रयोग सर्वांत दिलासा देणारा वाटतो. हा आवाज थोडाबहुत जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यात असतो. त्याला धोका समजून मेंदू त्याच्यावर पहारा देऊ लागला की त्रास सुरू होतो. 1990 मध्ये जास्ट्रेबॉफ या संशोधकाने हीच मांडणी शास्त्राच्या भाषेत केली.

म्हणून रात्री पूर्ण शांतता नको. पंखा चालू ठेवा किंवा रेडिओ हळू आवाजात लावा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांचा नादही मागे पडतो. झोप उडाली असेल, जीव घाबरत असेल, तर समुपदेशनातून होणारी वर्तनचिकित्सा उपयोगी पडते. आवाज तोच राहतो, त्याचा जाच कमी होतो. नाद कायमचा घालवणारी गोळी मात्र अजून निघालेली नाही, जाहिरात काहीही म्हणो.

नव्या पिढीचे कान मात्र वेगळ्या कारणाने वाजताहेत. वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढे आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो, आणि कामगारांसाठीच्या एका अमेरिकी शिफारशीनुसार 100 डेसिबलला कानाची मर्यादा फक्त 15 मिनिटांची आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ते पाळले गेले तर अनेक पोरांचे कान वाचतील.

एकाच कानात आवाज येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर पळी बाजूला ठेवा आणि सोलापूरला किंवा लातूरला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवसच उपचाराचे असतात.