नहाणी ट्रॅपच्या पलीकडे

सिव्हिल इंजिनियरिंगच्या पुस्तकात ड्रेनेजचा धडा उघडलात तर ‘नहाणी ट्रॅप’ नावाची एक वस्तू हमखास सापडेल. बाथरूमच्या फरशीत, जाळीच्या खाली बसवलेला वाकडा सांधा. पी ट्रॅप, एस ट्रॅप, गली ट्रॅप या साहेबी मंडळींत हा एकटा आपल्या न्हाणीतून उठून तिथे जाऊन बसलाय. (गुजरातीतही न्हाणी आहे, त्यामुळे श्रेय वाटून घ्यावं लागेल.) मी सॉफ्टवेअरवाला. पण हॉस्टेलवर सिव्हिलच्या रूममेटच्या पुस्तकात हा शब्द दिसला तेव्हा परगावी गाववाला भेटल्यासारखं वाटलं होतं.

मूळ न्हाणीला ट्रॅप नव्हताच. जुन्या घरात मोरी असायची, तिच्या भिंतीला भोक, आणि पाणी थेट परसात. तिथे अळू नाहीतर केळी. मोरी तुंबली तर काडी घालायची. भांडी राखेने घासली जायची, आणि राख अल्कलीधर्मी असल्यामुळे तेलाचा बराचसा बंदोबस्त भांड्यावरच व्हायचा. यात रम्य काही नाही, चिखल आणि डास होतेच. पण आपलं पाणी कुठे जातं हे घरातल्या पोरालाही दिसायचं.

ते दिसेनासं व्हायची सुरुवात लंडनमध्ये झाली. 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यात खालचा पाइप इंग्रजी एस अक्षरासारखा वाकवलेला होता. वळणात नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि तेच झाकण बनतं. पाणी खाली जातं, वास वर येत नाही. हलणारा एकही भाग नाही. एवढं साधं डिझाइन अडीचशे वर्षं टिकलंय. आमच्या धंद्यात अडीच वर्षं टिकलं तरी पार्टी देतात.

त्या काळी वासालाच रोग समजत. कुजक्या हवेने, ‘मायाझ्मा’ने, साथी पसरतात ही समजूत डॉक्टरांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांची. कारण चूक, उपाय बरोबर. फक्त उपायाला एक किंमत होती. वळणाचा तळ ही पाइपमधली सगळ्यात संथ जागा. केस, साबणाचा साका, थिजलेलं तेल तिथेच बसतं. म्हणजे घराचं रक्षण करणारा भाग तोच तुंबणारा भाग.

मुंबईत हा वाकडा पाइप पोहोचायच्या आधीच पाण्याचा प्रश्न पेटला होता. 1852 साली हेन्री कॉनीबेअरने शहराच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. त्याच्याच आराखड्यातून विहारचं धरण झालं आणि 1860 मध्ये नळाचं पाणी शहरात आलं. आलेलं पाणी बाहेरही जायला लागतं, ही बाजू मात्र मागे पडली. चाळी वाढल्या. दोन चाळींच्या मधे एक अरुंद बोळ सोडायची पद्धत पडली, तिला आजही महापालिकेच्या भाषेत ‘घरगल्ली’ म्हणतात. मोऱ्यांचे पाइप तिथे उतरायचे. संडासाच्या टोपल्या तिथूनच काढल्या जायच्या. गिरगाव-काळबादेवीत आजही त्या आहेत: समोर रस्त्याला कोरीव सज्जा, मागे हात-दोन हात रुंदीचा काळोख. घराला दोन दारं होती म्हणा ना. एक पाहुण्यांचं आणि दुसरं ज्याने कुणाच्या नजरेला पडू नये त्याचं.

त्या माणसाचं नाव मात्र अगदी कायद्यात आहे. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात मालमत्तेवरच्या करांमध्ये सर्वसाधारण कर होता, पाणीपट्टी होती आणि ‘हलालखोर कर’ होता. हलालखोर म्हणजे शब्दशः कष्टाचं खाणारा. प्रत्यक्षात मैला उपसणाऱ्या जातीचं ते नाव. पाण्याचा कर पाण्याच्या नावाने, घाणीचा कर मात्र माणसाच्या नावाने. मला हे वाचून बराच वेळ पुढे सरकता आलं नाही. ड्रेनेज ही पालिकेच्या लेखी पाइप-चेंबरची व्यवस्था होण्याआधी एक जात होती. कायदा तोच चालू आहे. बिलावरचं नाव बदलून ‘मलनिःसारण’ झालंय.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला, तेव्हाही पहिला संशय गटारांवर गेला. समुद्राचं पाणी आणि कार्बॉलिक ॲसिड गटारांतून सोडलं गेलं. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. पिसवांचा दुवा 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँने दाखवला. तोवर गटारं धुऊन झाली होती, आणि ती धुवायला कोण उतरलं असेल हे सांगायला नको. त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने पुढे बांधलेल्या बीआयटी चाळींपैकी परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकरांची तरुणपणीची वर्षं गेली.

हे सगळं मी शोधायला लागलो ते स्वयंपाकघरातल्या सिंकमुळे. मानकोलीत राहतो. खाडीवरचा पूल 2024 मध्ये सुरू झाला आणि डोंबिवली एकदम शेजारी आली. दुसऱ्या बाजूला नाशिक हायवे आणि गोदामं. आमच्या बिल्डिंगचं सांडपाणी बिल्डिंगच्याच टाकीत जातं. दिवाळीनंतर सिंक तुंबलं, चकल्यांच्या तेलाने असणार.

तुंबलेल्या पाइपला आधी एकच प्रश्न विचारायचा: कुठे? एकच सिंक भरतंय तर अडथळा ट्रॅपमध्ये. बाथरूमही उलटं यायला लागलं तर पुढच्या लाइनमध्ये. सगळ्या मजल्यांवर बोंब असेल तर खाली चेंबरमध्ये. डीबगिंगच ते. रबरी पंप मारताना ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करायचं, नाहीतर जोर तिथूनच निघून जातो. मग खाली बादली ठेवून ट्रॅप खोलायचा. कॉस्टिक सोडा काय करतो? तेलाचा साबण करतो. काही पुड्यांत ॲल्युमिनियमचे कण असतात, ते सोड्याशी भिडले की उष्णता आणि हायड्रोजन निघतो. पण पक्क्या गोळ्यापर्यंत सोडा पोहोचतच नाही, वरच्या पाण्यातच विरतो. आणि त्यावर कुणी ॲसिड ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. पाइपमध्ये काय टाकलंय हे पुढे हात घालणाऱ्याला सांगितलंच पाहिजे.

आमचा ट्रॅप साफ होता, गोळा पुढे होता. सोसायटीच्या ग्रुपवर एक नंबर मिळाला. बारा-पंधरा जणांच्या फोनमध्ये तो सेव्ह होता आणि सगळ्यांकडे नाव एकच: ‘ड्रेनेज’. माणसाचं नाव एकाकडेही नव्हतं. 1888 चा कर आठवावा तर इथे आठवावा.

तो आला, स्प्रिंग घेऊन. मुठीने फिरवायची लांब तार. थांबली तिथे ढकलायची नाही, फिरवायची. ढकलली तर तार दुमडते. वीस मिनिटांत साबणासारखा पांढरट, कडक गोळा निघाला. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये 2017 साली असाच गोळा गटारात सापडला होता, 250 मीटर लांब आणि 130 टनांचा. आमचा लिंबाएवढा. त्याने पाचशे रुपये घेतले, आणि शेजारच्या काकूंनी त्याला पाणी वेगळ्या ग्लासात दिलं. मी तो ग्लास बाजूला ठेवून आमच्याकडच्या तांब्याने पाणी दिलं. काकू काही बोलल्या नाहीत. तोही बोलला नाही. त्याला दोन्हीची सवय असावी.

ही तार यंत्रावर चढली अमेरिकेत. आयोवातल्या सॅम्युअल ब्लँकने 1933 मध्ये वॉशिंग मशीनची मोटर, रोलर स्केटची चाकं आणि पोलादी केबल जोडून यंत्र केलं, त्याचं नाव ‘रोटो-रूटर’. झाडाची मुळं शिरली की सगळा पाइप खणून काढावा लागे, तो खर्च वाचला. माणसाचा वेळ महाग असला की यंत्र सुचतं. आपल्याकडे बांबूच्या कामट्या पुरल्या, कारण त्यांच्यामागचा माणूस स्वस्त होता आणि त्याचा मुलगाही तेच करणार हे ठरलेलं होतं.

ब्लँकचं यंत्र तयार झालं त्याच सुमारास, डिसेंबर 1932 मध्ये, रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन अडून बसले होते. मागणी: मला भंगीकाम द्या. तुरुंगात कामं जातीने वाटलेली, ब्राह्मण कैद्याला हे काम मिळेना. येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केलं. पुढे आप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला, हात न लागता मैल्याचं खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले. मला तुरुंगातल्या उपोषणापेक्षा हे प्रयोग मोठे वाटतात. या कामाला थोर म्हणण्यात धोका आहे, हे आंबेडकरांनी गांधीजींना सुनावलं होतंच. काम पवित्र म्हटलं की ते सोडायचा हक्क हिरावला जातो. आप्पांनी निदान संडासाचा आराखडा बदलायला घेतला.

2013 च्या कायद्याने मैला हाताने उपसायला लावणं आणि सुरक्षासाधनांविना कुणाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं. तो लागू झाला 6 डिसेंबर 2013 ला. मे 2019 मध्ये इथून जवळच, ठाण्याच्या ढोकाळीत, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात उतरलेले तीन कामगार गेले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवंडीतल्या एका सोसायटीच्या टाकीत आणखी तीन. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडीच्या कामगारांच्या विधवांना प्रत्येकी 10 लाख द्यायला सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 30 लाखांवर नेली. टाकीत दिसत काहीच नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. कमिंगच्या वळणाने आपल्याला ज्या वासापासून वाचवलं, तो खालच्या माणसाला मारताना येतही नाही.

आमची टाकी उपसायची वेळ झालीय. मागच्या रविवारी मीटिंगमध्ये मी ठराव मांडला: टाकीत माणूस उतरणार नाही, सक्शनची गाडीच बोलवायची, आणि कामाला येणाऱ्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहायची. नावांवर कुणी हरकत घेतली नाही. गाडीवर घेतली. “उतरवून निम्म्यात होतं,” खजिनदार म्हणाले. दोन गाडीवाल्यांकडून कोटेशन मागवलंय. एकाचं आलंय.