श्वानांमधील ग्रूमिंगची भीती

श्वानांमधील ग्रूमिंगची भीती म्हणजे आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, कान स्वच्छ करणे अशा निगेच्या वेळी कुत्र्याला वाटणारे भय. पाळीव कुत्र्यांमध्ये ते सर्रास आढळते. मालक अनेकदा त्याला हट्टीपणा समजून जबरदस्तीने काम उरकतो. त्या दिवशी काम होते, पण पुढच्या वेळी भीती अधिक लवकर आणि अधिक तीव्रतेने प्रकट होते. मग निगाच टाळली जाते. नखे वाढून चाल बिघडते, केसांच्या गुंत्याखाली त्वचेला संसर्ग होतो आणि एखाद्या चाव्यानंतर कुत्र्याला घराबाहेरही काढले जाते.

कारणे
पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचे असताना नवे स्पर्श व आवाज सहज स्वीकारते. या काळात पायांना व कानांना माणसाचा हात न लागलेल्या कुत्र्याला मोठेपणी तो स्पर्श धोक्याचा वाटतो. रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्यांबाबत हे विशेष लागू पडते. कानाला खाच असल्यास त्याला निर्बीजीकरणासाठी पूर्वी पकडले गेले होते, हेही ध्यानात घ्यावे. कधी एकच वेदनादायी प्रसंग पुरतो. नखाच्या आत रक्तवाहिनी असलेला जिवंत भाग असतो, काळ्या नखात तो बाहेरून दिसत नाही आणि कात्री तिथवर गेली की कुत्रा ते विसरत नाही. पूर्वी शांत असलेला कुत्रा अचानक विरोध करू लागल्यास कानाचा संसर्ग किंवा सांधेदुखी आहे का, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

लक्षणे
ओठांवरून जीभ फिरवणे, जांभई देणे, नजर टाळणे, शेपूट पायांत घालणे ही सुरुवातीची लक्षणे होत. थिजून गेलेल्या कुत्र्याला ‘शांत बसला’ असे समजणे ही नेहमीची चूक. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केल्यास इशारा नाहीसा होतो, भीती नाही.

सवय लावण्याची पद्धत
या पद्धतीचा पाया मानसशास्त्रात आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका बालकाची भीती, तो आवडता खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणून घालवली. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये अशा क्रमबद्ध उपचारांची ग्रंथरूपाने मांडणी केली.

कुत्र्याबाबत प्रथम नखे कापण्याची कात्री नुसती दाखवावी आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कात्री, मग खाऊ. उलट केल्यास खाऊच धोक्याची सूचना ठरतो. काही दिवसांनी पंजाला स्पर्श, मग कात्रीचा केवळ आवाज, मग एकाच नखाचे टोक. सत्र दोन-तीन मिनिटांचे असावे. कुत्र्याने पंजा मागे घेतला की थांबावे आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली उतरावे. आपण नकार देऊ शकतो हे कळलेला कुत्रा पुढे कमी नकार देतो, असा प्रशिक्षकांचा अनुभव आहे. खाऊ नाकारला जाणे हे पायरी फार उंच असल्याचे चिन्ह होय.

नाशिक परिसरात
नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसखाली जाते, निफाडकडे त्याहूनही कमी. त्यामुळे आंघोळ दुपारी व कोमट पाण्याने घालावी. ओल्या फरशीवर पाय घसरणे हेही भीतीचे कारण असते, म्हणून खाली रबरी चटई किंवा जुने पोते अंथरावे. पावसाळ्यात गोचिडांसाठी रोज तपासणी करावी लागते. गोचिडांमुळे एर्लिकिओसिससारखा गंभीर रोग होतो, आणि ती नेमकी बोटांच्या बेचक्यांत व कानांत लपतात, म्हणजे कुत्रे हात लावू देत नाही तिथेच. म्हणून या जागांच्या स्पर्शाची सवय उन्हाळ्यातच लावलेली बरी.

औषधोपचार
भीती अतितीव्र असल्यास पशुवैद्यक गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन देतात. केवळ अ‍ॅसेप्रोमॅझिन दिल्यास कुत्रा सुस्त दिसतो, परंतु त्याची भीती कमी झालेली असतेच असे नाही. माणसांची औषधे परस्पर देणे धोकादायक आहे.