तृणमणी

लोकरीवर घासला की वाळल्या गवताची काडी ओढून घेणारा, तो तृणमणी. संस्कृताने या पिवळ्या मण्याचा गुणच त्याच्या नावात ओवला. फारसीनेही तेच केले. ‘काह’ म्हणजे गवत, ‘रुबा’ म्हणजे पळवणारा, म्हणून ‘काहरुबा’. ग्रीकांचे नाव ‘इलेक्ट्रॉन’. त्यावरून विल्यम गिल्बर्टने १६०० साली लॅटिन शब्द घडवला आणि पुढे ‘इलेक्ट्रिसिटी’ जन्मली.

‘अंबर’चे कूळ वेगळे. अरबीत अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारे सुगंधी द्रव्य. युरोपात हे नाव तृणमण्यालाही चिकटले. पीतांबरातल्या अंबराशी त्याचे काही नाते नाही.

तृणमणी खनिज नव्हे, ती झाडांची जीवाश्म झालेली राळ. ताज्या राळेत जे रुतले, ते टिकले. म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षे जुन्या तृणमण्यात पिसाला धरून राहिलेली गोचीड सापडली. २०१७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पिसे असलेल्या डायनासोरांनाही गोचिडांचा त्रास होता, याचा थेट पुरावा मिळाला. सुरतेजवळच्या वस्तान खाणीतल्या, पाच कोटी वर्षांहून जुन्या तृणमण्यात मधमाश्या, मुंग्या आणि वाळवीही आहेत.

आकाश, वस्त्र आणि व्हेलचे द्रव्य एवढा भार ‘अंबर’ आधीच वाहतो. या मण्यासाठी मराठीत ‘तृणमणी’च लिहावे.